भाड्याचं घर आणि घरातली पोरं : मुंबईतल्या घरमालकांना आणि भाडेकरूंना पडणारे प्रश्न

मी गोरेगावात भाड्याने राहते आणि मुलुंडचं माझं छोटं घर भाड्याने दिलंय. त्यामुळे महिन्याच्या सुरुवातीला मी एका मालकाच्या नावाने बोटं मोडते, तेव्हाच दुसरीकडे कोणीतरी माझ्या नावाने मोडत असतं. भाड्याच्या घरातल्या मुलांच्या सुरक्षेबद्दल दोन्ही बाजूंनी मिळून गेल्या काही वर्षांत जे प्रश्न मला विचारले गेले, किंवा मीच दुसऱ्यांना विचारले, ते इथे एकत्र केलेत. मी वकील नाही. प्रकरण कोर्टापर्यंत जाणार असेल तर वकील गाठा.

आमचं लीव्ह अँड लायसन्स आहे. कायद्याने आम्ही भाडेकरूच ना?

नाही, आणि इथेच निम्मे लोक फसतात. बोलताना आपण सगळ्यांनाच भाडेकरू म्हणतो (मीही या पानावर तसंच म्हणणार आहे). पण ११ किंवा २२ महिन्यांच्या करारावर राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत लायसन्सी, म्हणजे मालकाच्या परवानगीने राहणारा. गिरगावात पागडीच्या (आगाऊ मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या) खोलीत ज्याच्या तीन पिढ्या गेल्या, तो खरा भाडेकरू.

फरक कागदी वाटतो, पण दुरुस्तीची वेळ आली की बोचतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, करारात उलट काही ठरलेलं नसेल तर घर राहण्याजोग्या स्थितीत ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. हे कलम भाडेकरूसाठी लिहिलंय. लायसन्सीने त्याच्या भरवशावर राहू नये.

मग लायसन्सीच्या हातात काय उरतं? एक म्हणजे त्याचा करार. दुसरा एक जुना कायदा, ज्याची आठवण एजंट कधीच करून देत नाहीत : १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा, वकिलांच्या तोंडी ईझमेंट्स अ‍ॅक्ट. त्याच्या कलम ५७ प्रमाणे, जागेत जिवाला किंवा मालमत्तेला धोका होईल असा काही दोष असेल, तो मालकाला ठाऊक असेल आणि राहायला येणाऱ्याला ठाऊक नसेल, तर मालकाने तो सांगितलाच पाहिजे. कलम ५८ म्हणतं, परवानगी देऊन झाल्यावर जागा धोकादायक होईल असं काही मालकाने करायचं नाही. गॅलरीचा कठडा हलतो हे मालकाला माहीत आहे, त्याने पुट्टी भरून वर रंग मारला आणि चावी दिली, तर तो नुसता चलाखपणा नाही. त्याने कायद्याने सांगायची गोष्ट लपवली.

म्हणून घर बघायला गेलात की सरळ विचारा, "या घरात मुलांना धोका होईल असं काही तुम्हाला माहीत आहे का?" आणि उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर घ्या. तोंडी नको.

करार ११ महिन्यांचा असला तर नोंदणी लागत नाही, असं एजंट म्हणाला.

चूक. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ खाली प्रत्येक लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग तो ११ महिन्यांचा असो की सहा. नोंदणी करणं मालकाचं काम आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदणी नसेल तर अटींबद्दल राहणारा जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. मालकांनी हे वाक्य दोनदा वाचावं. हजार रुपये वाचवायच्या नादात आपण आपलीच बाजू कमजोर करतो.

करारात मुलांच्या सुरक्षेचं काय लिहून घ्यायचं?

एजंटच्या छापील मसुद्यात "सर्व किरकोळ दुरुस्त्या लायसन्सीने कराव्यात" एवढं एक वाक्य असतं. किरकोळ म्हणजे काय, यावरच पुढे सगळं भांडण होतं. त्या वाक्याची फोड करून घ्या. बल्ब, नळाचा वॉशर, कडी-कोयंडा हे राहणाऱ्याचं. वायरिंग, कठडा, खिडकीची चौकट, स्लॅब, पाइपातली गळती हे मालकाचं. मग एक वेगळं कलम टाका की खिडक्यांना आणि गॅलरीला सुरक्षेची जाळी लावायला मालकाची संमती आहे, खर्च अमुक जण करेल, आणि भोकं पाडल्याबद्दल डिपॉझिटमधून पैसे कापले जाणार नाहीत. ऑनलाइन नोंदणी असली तरी मसुद्यात असं जादा कलम घालता येतं. "फॉर्ममध्ये जागाच नाही" असं कोणी म्हणालं तर दुसरा एजंट बघा.

खिडकीला जाळी कोणी बसवायची?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. खर्च कोणाचा हे वरच्या दोन्ही कायद्यांत लिहिलेलं नाही. माझा हिशेब असा : जे भिंतीत कायमचं बसतं आणि आपण गेल्यावरही घराला उपयोगी पडतं ते मालकाने करावं, जे काढून नेता येतं ते राहणाऱ्याने. लोखंडी ग्रिल मालकाचं. खिडकी चार बोटांपलीकडे सरकू नये म्हणून लावायचा छोटा अटकाव, स्वयंपाकघराच्या दारातलं बुटकं फाटक, टेबलाच्या कोपऱ्यांना लावायचं रबर हे आपलं.

पण हिशेब नंतर. मूल रांगायला लागलं की मालकाच्या होकाराची वाट बघत बसायचं नसतं. आमच्या गोरेगावच्या मालकांनी "बघू, दिवाळीनंतर" म्हटलं तेव्हा मुलगी नऊ महिन्यांची होती. मी त्याच आठवड्यात फॅब्रिकेटर बोलावला, बिल मालकांना पाठवलं, आणि चार महिने गोड बोलून अर्धे पैसे मिळवले. उरलेले अर्धे गेले ते गेले.

जाळी लावण्याआधी एवढं तपासा. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी कबुतरांसाठीच असते. ती बारीक हुकांवर ताणलेली असते, दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होऊन तुटायला लागते, आणि तीन वर्षांच्या मुलाने अंग टाकलं तर ती धरेल अशी खात्री कोणी देणार नाही. तरी "जाळी आहे ना" म्हणून आपण निर्धास्त होतो, हा त्यातला मोठा धोका. स्टीलच्या बारीक तारांची ग्रिल, जिला हल्ली अदृश्य ग्रिल म्हणतात, ती चालते. मात्र तारा घट्ट ताणलेल्या हव्यात आणि वरचा-खालचा पट्टा खऱ्या भिंतीत हवा, नुसत्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत नको. अंतर कोणत्याही ग्रिलमध्ये चार इंचांहून कमी ठेवा, कारण डोकं गेलं की धड जातं. आडव्या सळ्यांची ग्रिल म्हणजे पोराला आयती शिडी. उभ्या सळ्या घ्या.

आणखी एक. ग्रिल लावली आणि घराला पिंजरा केला, तर आग लागल्यावर आतल्यांना बाहेर पडता येत नाही आणि अग्निशमन दलाला आत येता येत नाही. किमान एका खिडकीच्या ग्रिलला उघडणारं झडप ठेवा. त्याला कुलूप असेल तर चावी मोठ्यांच्या हाताला लागेल अशी, पोरांच्या नाही, आणि ती कुठे टांगलीय हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला, कामाच्या मावशींनासुद्धा, माहीत हवं.

आणि हो, खिडकीखालचा सोफा हलवा. वन रूम किचनमध्ये दुसरीकडे जागा नसते हे मान्य. मग निदान ती खिडकी आधी बंद करा.

सोसायटी म्हणते, बाहेरून ग्रिल लावली तर इमारत विद्रूप दिसते.

बाहेर काढलेल्या पेटीसारख्या ग्रिलला सोसायटी हरकत घेऊ शकते, आणि खरं सांगायचं तर त्यात कुंड्या, जुने डबे, मोडकी सायकल भरून ठेवणाऱ्यांमुळे ती हरकत रास्तही असते. वरून कुंडी पडली तर खाली खेळणारं पोर दुसऱ्याचं असतं. चौकटीच्या आतून बसणारी ग्रिल लावा आणि सेक्रेटरीला तसं पत्र मालकाच्या सहीने द्या. सोसायटीच्या लेखी सभासद मालक असतो, त्यामुळे तुमच्या सहीच्या पत्राला फार किंमत नसते. मालकांनो, ही एक सही करायला आठ दिवस लावू नका.

आम्ही पागडीवर आहोत. जाळी लावली म्हणून घरमालक "बेकायदा बांधकाम" म्हणून काढू शकतो का?

परवानगीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केलं तर घर खाली करायला लावता येतं, हे खरं. पण भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १६ च्या स्पष्टीकरणातच म्हटलंय की लाकडी पार्टिशन, दार, जाळीकाम, हवेसाठी लागणारी खिडकी अशी कामं कायमस्वरूपी बांधकामात मोजायची नाहीत. जिथे लागते तिथे महापालिकेची परवानगी घ्यायची, एवढंच. जाळीचा धाक कोणी घालत असेल तर हे कलम दाखवा.

चाळीत मात्र जाळीहून मोठी काळजी सामाईक गॅलरीच्या लाकडी कठड्याची. वर्षानुवर्षं पावसात भिजून आतून कुजलेला असतो, वरून रंग असतो. पोरं त्यावर पोट टेकून खाली वाकतात. दर उन्हाळ्यात दोन मोठ्या माणसांनी तो हलवून बघावा. खोलीतल्या पोटमाळ्याची शिडीही दिवसा काढून ठेवा.

बेडरूमच्या छताचं प्लास्टर पाळण्याशेजारी पडलं. कोणाला धरायचं?

आधी पाळणा हलवा, आणि त्या खोलीत झोपणं बंद करा. एक तुकडा पडला की आजूबाजूचं बहुतेकदा सुटलेलंच असतं. आतली सळी गंजते, गंजून फुगते आणि प्लास्टरला खाली ढकलते. समुद्राच्या खाऱ्या हवेमुळे आणि चार महिन्यांच्या पावसामुळे मुंबईत हे फार होतं. छताला लाकडी दांड्याने हलकेच ठोकलं आणि पोकळ आवाज आला तर तो भाग पडायच्या बेतात आहे. नुसती पुट्टी भरून देणाऱ्या मालकाला नको म्हणा. सळी उघडी करून, गंज काढून, त्यावर लेप देऊन मग भरायचं असतं.

जबाबदारी कोणाची हे पाणी कुठून येतं त्यावर ठरतं. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून झिरपत असेल तर सोसायटीची. वरच्या घराच्या मोरीतून येत असेल तर वरच्या मालकाची, आणि हा वाद हमखास लांबतो. तुमच्या पुरतं बोलायचं तर तुम्ही तुमच्या मालकाला कळवायचं आणि त्याने सोसायटीशी भांडायचं. "तुम्हीच सेक्रेटरीशी बोला" हे उत्तर ऐकून घेऊ नका.

इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, झालंय का विचारा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब नुसारही ३० वर्षांवरच्या इमारतीची तपासणी करून घ्यावी लागते. धोकादायक इमारतीला महापालिका कलम ३५४ ची नोटीस देते. "सी-१" म्हणजे तातडीने रिकामी करण्याजोगी. शहर भागातल्या सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींचं काम म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे येतं, आणि ते दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. भाडं स्वस्त का आहे, याचं उत्तर कधी कधी त्या यादीत सापडतं.

वायरिंगचं काय बघायचं?

मीटरनंतरच्या पेटीत 'टेस्ट' लिहिलेलं बटण असलेला स्विच आहे का ते बघा. तो आरसीसीबी. करंट अंगातून जमिनीत जायला लागला की तो सेकंदाच्या अंशात वीज तोडतो. घरासाठी ३० मिलीअँपिअरचा हवा. नसेल तर तो बसवणं मालकाचं काम, कारण वायरिंग घराचा भाग आहे. महिन्यातून एकदा ते बटण दाबून वीज जाते का बघणं राहणाऱ्याचं. अर्थिंग नसेल तर तेही वायरमनकडून करून घ्या. वीज शहर भागात बेस्टची, उपनगरात बहुतेक अदानी किंवा टाटा, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. पण कंपनी कोणतीही असो, मीटरच्या पुढचं घरातलं वायरिंग त्यांचं नसतं, मालकाचं असतं.

राहणाऱ्यांचा दोष एक्स्टेन्शन बोर्डात. एका बोर्डवर फ्रिज, मिक्सर, वायफाय, मोबाइल, आणि तो बोर्ड जमिनीवर. पोरं त्यात चमचा घालतात.

बाथरूममध्ये गॅस गीझर आहे. चालेल?

बंद बाथरूममध्ये नाही. ज्योत कोंडलेल्या हवेत जळली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आंघोळ करणाऱ्याला नुसती भोवळ येते आणि तो तिथेच पडतो. लहान अंगाला तो लवकर बाधतो. गीझर बाहेर, हवेशीर जागी हवा. मालकाने तो आत बसवून दिला असेल तर हलवून मागा, आणि हलवेपर्यंत स्टोव्हवर पाणी तापवा. मी माझ्या मुलुंडच्या घरातला काढून विजेचा लावला. भाडेकरू म्हणाले बिल वाढलं. वाढू दे. सिलिंडरचा गॅस गळल्याचा वास आला तर १९०६ वर फोन करा. दिवा लावू नका आणि बंदही करू नका.

पाणी साठवायची बादली आणि पिंप यात कसला धोका?

ज्या भागात पाणी पहाटे तासभर येतं, तिथे मोरीत भरलेली पिंपं असतातच. वर्षा-दीड वर्षाचं मूल बादलीत डोकावलं की तोल जाऊन डोक्यावर आत पडतं, आणि डोकं जड असल्याने त्याला बाहेर येता येत नाही. अर्धी बादलीही पुरे. ओरडणं ऐकू येत नाही. हे काम पूर्णपणे राहणाऱ्याचं : झाकण, आणि मोरीच्या दाराला मुलाच्या हाताच्या वर कडी. दाराला कडीच बसत नसेल तर दार मालकाने दुरुस्त करून द्यावं.

आवारातली जमिनीखालची टाकी सोसायटीची. तिला जड, कुलूपबंद झाकण हवं. प्लास्टिकचा पत्रा आणि वर वीट म्हणजे झाकण नाही. मार्च २०२४ मध्ये वडाळ्याच्या एका सार्वजनिक बागेतल्या टाकीत पडून दोन लहान भाऊ गेले. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली होती. तेव्हापासून मी कुठलंही आवार बघायला गेले की आधी खाली बघते.

उघडं पाणी म्हणजे डासही. कुंड्यांच्या ताटल्या आणि गच्चीवरची भंगार पिंपं पावसाळ्याआधी रिकामी करा. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो.

लिफ्ट आणि जिना कोणाच्या अखत्यारीत?

सोसायटीच्या. लिफ्टसाठी महाराष्ट्रात २०१७ चा वेगळा कायदा आहे आणि परवाना व तपासणी लागते. जाळीच्या दोन दारांच्या जुन्या लिफ्टमध्ये लहान मुलांना एकटं पाठवू नका. दोन दारांच्या मधल्या फटीत हातपाय अडकतो. उंच इमारतींत आगीच्या यंत्रणेचं "बी फॉर्म" प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन दलाकडे द्यावं लागतं. ते दिलंय का, हे सेक्रेटरीला विचारा.

जिन्यातल्या सायकली, चपलांचे रॅक आणि जुनी पुठ्ठ्याची खोकी मात्र बहुतेकदा आपलीच असतात.

जुन्या दारांचा रंग खरवडायचा आहे, घरात बाळ आहे.

बाळाला चार दिवस आजोळी पाठवा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं आणि त्याची धूळ मुलांच्या मेंदूला घातक. नव्या रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) आहे, ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. कोरडं घासू नका, ओलं करून घासा.

उंदीर-झुरळांचं औषध?

मालकाने पेस्ट कंट्रोल करून चावी द्यावी, नंतरचं राहणाऱ्याने बघावं. उंदरांची पेस्ट आणि खडूसारखं झुरळांचं औषध मुलांना खाऊ वाटतं. पिंजरा लावा.

मालक दुरुस्ती करतच नाही. भाड्यातून कापू का?

पागडीवाल्या भाडेकरूला तसा हक्क आहे : किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यायची, तरी मालक हलला नाही तर स्वतः दुरुस्ती करून खर्च वळता करायचा, पण एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नाही. पावत्या जपायच्या.

लायसन्सीने असं परस्पर कापू नये. करारात तशी तरतूद असेल तरच. एरवी फोटो, तारीख आणि मजकूर असलेला मेसेज, मग ईमेल, मग स्पीड पोस्टाने पत्र. इमारतच धोकादायक असेल तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला कळवा, तातडीचं असेल तर १९१६. जागेवरून मालकाशी दावा लढायचा तर मुंबईत तो लघुवाद न्यायालयात जातो. पण खरं सांगू? ११ महिन्यांच्या करारात दाव्यापेक्षा घर बदलणं स्वस्त पडतं. मालकांना हे ठाऊक असतं, म्हणून ते ढकलत राहतात. करार संपण्याआधी किती दिवसांची नोटीस देऊन निघता येतं, ते कलम सही करण्याआधी वाचा.

मालक म्हणून मला घर तपासायला जाता येतं का?

येतं. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २८ खाली आधी कळवून, रास्त वेळी. लायसन्सीच्या घरालाही हे लागू आहे. मी मे महिन्यात एकदा जाते : कठडा, खिडकीचे अटकाव, छत, आरसीसीबी. वीस मिनिटं लागतात. भांडी किती आणि पाहुणे किती, हे बघायला मात्र जायचं नसतं.

अपघात झालाच तर?

आधी १०८. फोटो नंतर. दोष कोणाचा हे कोण काय जाणत होता आणि कोणी काय लेखी कळवलं होतं यावर ठरतं. निष्काळजीपणाने जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू शकतं, आणि ते मालक, सोसायटीचे पदाधिकारी, कंत्राटदार असं भेद करत नाही.

घर सोडताना आम्ही बसवलेली ग्रिल काढून नेऊ?

करारात नसेल तर भांडणाला तयार राहा. काढली तर भोकं बुजवून द्यावी लागतात आणि दुसऱ्या घराच्या खिडकीला ती ग्रिल बहुधा बसतही नाही. मालकाकडून निम्मी किंमत घेऊन ठेवून द्या. माझ्या मुलुंडच्या घरात आधीच्या जोडप्याने लावलेली ग्रिल मी अशीच विकत घेतली. आता तिथे जुळी मुलं राहतात, आणि त्यांची आई म्हणते की खालून दुसरी सळी हलते. शनिवारी फॅब्रिकेटर येणार आहे.